मल्लूच्या मानेवर ठेवलेला हात

मैंदर्गी,
सोमवार, दुपार

प्रिय अत्ती,

तुम्हाला पत्र लिहायला बसलेय आणि माझं मलाच हसू येतंय. तुम्हाला कुठं वाचता येत होतं! विजापूरला तुमच्या भावाला पत्र धाडायचं असलं की तुम्ही सांगायच्या आणि मी लिहायची. "नंदव्वा, लिही की, हितं समदी खुशाल हायती." मग त्या दिवशी म्हैस आटलेली असो नाहीतर तुमचे गुडघे सुजलेले असोत, मजकूर तोच!

तुम्ही गेल्याला आज एकविसावा दिवस. लोक अजून येतायत. काल हन्नूरहून एक म्हातारी चालत आली. तुम्ही गेलात हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितल्यावर ती उंबऱ्यावर टेकली आणि स्वतःचा डावा खांदा धरून बसली. "हितं हात ठिवला हुता बघ त्यांनी," म्हणाली. "नुसता ठिवला. दाबला न्हाय, चोळला न्हाय. लेक गेल्यापास्नं माझा खांदा वर चढून बसला हुता, त्यो खाली आला." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू सून न्हवं त्यांची? तुला ठावं आसंल. काय करायच्या गं त्या?"

मला उत्तर देता आलं नाही, अत्ती. इतकी वर्षं तुमच्या घरात काढली, सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि एका म्हातारीला दोन वाक्यं सांगता आली नाहीत! ती गेल्यावर मी वही काढली. पाहिलं ते तुम्हालाच सांगते. कुठं चुकले तर तुम्ही पोटात घाला.

खरं सांगू? पहिल्या वर्षी मला तुमची लाज वाटायची.

मी सोलापूरची, कापड दुकानदाराची मुलगी, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आले तर तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "सासूबाई बिसूबाई म्हनू नगंस. अत्ती म्हन. आमच्याकडं कानडीत तसंच म्हनत्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तुम्ही गोठ्यात एका शेळीचे कान बोटांत धरून बसलेल्या. बुडापासून टोकापर्यंत बोटं सरकवायच्या आणि पुटपुटायच्या, "निधान... निधान..." मला वाटलं ही बाई शेळीला ठेवा म्हणते, धन म्हणते! मी ह्यांना विचारलं तर हे हसत सुटले. "आगं, कानडीत निधान म्हंजे हळू."

शेळी आदल्या दिवशी कुत्र्यांच्या तावडीतून सुटली होती. दूध द्यायची बंद झाली होती. तीन दिवसांनी तिनं पान्हा सोडला. मी मनात म्हटलं, सोडला असता तसाही. माझ्या वडिलांना मी पत्रात लिहिलं होतं, सासूबाई स्वभावानं गरीब आहेत, पण जनावरांशी बोलतात. ते पत्र आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात माझ्या.

आणि मग ते गाडीचं झालं.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या दुष्काळात गावातली निम्मी जनावरं गेली, पण आपली मल्लू आणि चन्नूची जोडी तुम्ही छावणीत जाऊन जगवली होती. स्वतःच्या भाकरीतला अर्धा तुकडा मोडून द्यायच्या म्हणे त्यांना. ती जोडी जुंपून हे शेंगांची पोती घेऊन सोलापूरला निघाले होते. उजाडता उजाडता वळसंगच्या अलीकडं मागून ट्रक आला आणि गाडीला धडकून गेला. थांबला नाही. गाडी चारीत उलटली.

दुपारी एसटीच्या कंडक्टरनं बातमी आणली तेव्हा मी भाकरी थापत होते. "गाडी उलटली, एक बैल गेला," एवढंच तो म्हणाला. तुम्ही विचारलंत, "मानूस?" तो म्हणाला, "मानूस धड हाय." तुम्ही माझ्या हातातली परात काढून घेतलीत आणि म्हणालात, "बस. आदी श्वास सोड." मी किती वेळ श्वास धरून होते, मलाही कळलं नव्हतं.

चन्नू गेला होता. मल्लूला खरचटलंसुद्धा नव्हतं. ह्यांनाही नाही. पायांवर पोती पडून चार ओरखडे, बस्स. सगळे म्हणाले, दैव बलवत्तर!

पण माणूस धड नव्हता, अत्ती. तुम्हाला ते पहिल्या दिवशीच कळलं. मला कळायला आठवडा लागला.

ह्यांच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती, ती उघडतच नव्हती. माझे वडील येऊन ह्यांना सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. फोटो काढला. हाड शाबूत, शीर शाबूत. "धक्का बसलाय, विश्रांती द्या," म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण झोपेतही मूठ तशीच. हे बोलायचे बंद झाले. जेवायला वाढलं तर डाव्या हातानं दोन घास, मग ताट सरकवायचे. मी जवळ बसले तर उठून जायचे. वडील मला हळूच म्हणाले, "महानंदा, थोडे दिवस माहेरी चल." मी 'नाही' म्हणाले नाही. 'बघू' म्हणाले. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते.

मल्लूचं तर त्याहून वाईट. त्याला ट्रकमध्ये चढवता आलं नाही. पोटाला दोर बांधून चौघांनी दोन दिवस चालवत आणला. दारात आला तो मल्लूच नव्हता. डोळ्यांतलं पांढरं दिसायचं. रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला की दावं तोडायला बघायचा. वेसणीनं नाक रक्ताळलं होतं. वैरण तोंडात घ्यायचा आणि चघळायचं विसरून तसाच उभा राहायचा. शेजारचे काका थोपटायला गेले, त्यांना शिंगावर घेतलं.

"इका त्याला," हे म्हणाले. पंधरा दिवसांत ह्यांचं बोललेलं तेवढंच. "त्याला बघितलं की माझ्या छातीवर धोंडा बसतोय."

जनावरं विकत घेणारा हेडी बाजाराच्या आदल्या दिवशी दारात आला. असल्या बैलाला कोण घेतं आणि तो कुठं जातो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी आतून पाहत होते. तुम्ही त्याला घोंगडी टाकलीत, चहा दिलात. त्यानं कप खाली ठेवला तेव्हा म्हणालात, "दमून आलासा, चा पिलासा, बरं वाटलं. बैल न्हाय मिळायचा."

"आये, त्यो आता कामाचा न्हाय," तो म्हणाला.

"मी तरी कुटं कामाची हाय?" तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सुरू केलंत. मला वाटलं होतं, तुम्ही जाऊन त्याला कुरवाळाल. तुम्ही तर त्याच्यापासून दहा हातांवर पाठ करून बसलात आणि ज्वारी निवडायला लागलात! दिवसभर! मी म्हटलं, "अत्ती, त्याच्याकडं बघा तरी." तुम्ही म्हणालात, "त्यालाच माज्याकडं बघू दे."

दुसऱ्या दिवशी आठ हात. मग सहा. चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही बसल्या बसल्याच हात लांब केलात आणि पंज्याची पालथी बाजू त्याच्या खांद्याला टेकवलीत. डोळा मिटून उघडेपर्यंत काढूनही घेतलीत. पुन्हा टेकवलीत, पुन्हा काढलीत. "असं का?" मी विचारलं. "त्यानं नगो म्हनायच्या आत आपून हात काडायचा," तुम्ही म्हणालात. "मग त्यो म्हनतो, ठिव."

आणि खरंच, अत्ती, एका सकाळी तुम्ही हात काढलात आणि मल्लू तुमच्या हाताकडं अर्धं पाऊल सरकला!  हातातली घागर तशीच ठेवून मी तिथंच बसले. त्या दिवसापासून माझं तुम्हाला हसणं बंद झालं.

मग तुम्ही त्याचे कान धरलेत, जबडा धरलात. दोन बोटांनी छोटे छोटे गोल फिरवायच्या, इतके हलके की कातडी तेवढी सरकावी. खांदा, पाठ, शेपटीचं बूड. पण जू जिथं बसतं ती मान तुम्ही कितीतरी दिवस सोडून दिलीत. तिथं यायच्या आणि वळसा घालून पुढं जायच्या.

"तिथं का नाही हात लावत?" मी विचारलं.

"तितं अजून चन्नू हाय," तुम्ही म्हणालात.

 

अकराव्या दिवशी मल्लूनं जांभई दिली. एवढं मोठं तोंड उघडून, जीभ वळवून, लांबलचक! तुम्ही मांडीवर थाप मारून ओरडलात, "जांभई दिली की गं बैलानं!" नातवानं पहिलं पाऊल टाकल्यावर बाई ओरडावी तशा. पाठोपाठ त्याच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत थरथर सुटली. कातडी नुसती लाटेसारखी धावत होती, मागचे पाय लटपटत होते. मी घाबरून म्हटलं, "अत्ती, ताप भरला त्याला!"

"न्हाय गं. हालू दे. धनगराची मेंढरं आपल्या रानात बसत्यात, बघितलीस न्हवं? लांडग्याच्या तोंडातनं सुटलेलं मेंढरू आसंच थरथरतं. थरथरून झालं की उटतं आन् चरायला लागतं. मानूसच तेवढा दात आवळून बसतो."

हे ओसरीवर बाजेवर होते. सगळं ऐकू जात होतं. मी पाहिलं, ह्यांचा जबडा आवळलेला होता. पण बाजेचं तोंड, जे आधी भिंतीकडं होतं, ते ह्यांनी त्या दिवशी गोठ्याकडं केलं होतं. तुमच्याही ध्यानात आलं असणार. 

आता ती दुपार. ती लिहिताना हात थांबतोय.

जेवणं झाली होती. मल्लू चिंचेखाली बसलेला, तुम्ही त्याच्या शेजारी, आणि तुमचा तळवा पहिल्यांदाच त्याच्या मानेवर, जुवाच्या वळावर. तुम्ही हाक मारलीत, "सिद्दू, हिकडं ये."

हे उठले नाहीत.

"माजा हात भरून आलाय बाबा. आत्ता काडला तर ह्यो परत म्हैनाभर मागं जाईल. तू नुसता हात ठिव, मग मी काडते."

खरंच हात भरून आला होता का हो? मला आजवर शंका आहे!

हे आले. अनवाणी, कडेकडेनं, चोरासारखे. डावा हात पुढं केला.

"त्यो न्हाय. दुसरा."

"त्यो उगडत न्हाय, यव्वा."

"नगो उगडूस. मूठच ठिव."

तुम्ही ह्यांची वळलेली मूठ धरून मल्लूच्या मानेवर ठेवलीत आणि वर आपला पंजा झाकलात. मी तांब्या घेऊन उभी होते. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मल्लूचा एक कान ह्यांच्याकडं वळला, एवढंच. मग रस्त्यावरून एसटी गेली आणि भोंगा वाजला. मल्लू दचकला आणि त्याच क्षणी हेही दचकले. एकाच अंगातून झटका गेल्यासारखे!

"अंजब्याड," तुम्ही म्हणालात. भिऊ नको. कुणाला म्हणालात, अत्ती? बैलाला की मुलाला?

आधी ह्यांचे गुडघे हलायला लागले. मग मांड्या, मग पाठ. तुम्ही धरलं नाहीत, आवरलं नाहीत, नुसता हात ठेवून बसून राहिलात. ह्यांनी मल्लूच्या कुशीला कपाळ टेकलं, आणि वंगण नसलेलं चाक ओरडावं तसा आवाज ह्यांच्या तोंडातून निघाला. पुरुषाचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. पुन्हा ऐकायला नको.

"यव्वा, ह्याच हाताखाली गेला गं चन्नू."

मग सगळं बाहेर आलं. पोत्यांखाली ह्यांचे पाय अडकले होते. उजवा हात तेवढा मोकळा, तो चन्नूच्या मानेवर पडलेला. हाताखाली शीर उडत होती. हे म्हणत होते, ऊठ, ऊठ. शीर सावकाश होत गेली. "एक ठोका आला. फुडचा यील म्हनून मी हात काडला न्हाय. मूठ आवळून धरली. आलाच न्हाय गं."

"आन् ह्यो?" तुम्ही विचारलंत, मल्लूकडं बघून.

तेव्हा हे जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ह्यो त्याच जुवात अडाकला हुता, यव्वा. जुवाचं टोक माज्या छातीवर. ह्यो एक पाऊल हालला आसता तर मी गेलो आसतो. त्यो हालला न्हाय. लोकं येईस्तवर, ऊन वर येईस्तवर, मेलेल्या भावाशेजारी पाय रोवून हुबा ऱ्हायला. आन् मी त्याला इकाय निघालो."

तुम्ही मल्लूच्या मानेवरून हात फिरवलात. "तवा हालला न्हाय," म्हणालात, "म्हनून आता हालतोय."

माझ्या हातातला तांब्या कधी कलंडला कळलंच नाही. अत्ती, मी देवळात गेले आहे, सिद्धेश्वराच्या यात्रेत लाखांच्या गर्दीत उभी राहिले आहे. पण हात आपोआप जोडले गेले ते त्या चिंचेखाली. एक म्हातारी, एक माणूस, एक बैल. बाकी काहीच नव्हतं तिथं.

त्या दिवशी ह्यांची फक्त करंगळी सुटली. मग रोज दुपारी हे आपणहून मल्लूजवळ जाऊन बसायला लागले आणि एकेक बोट सैल होत गेलं. ज्या दिवशी उजव्या हातानं भाकरी मोडली, त्या दिवशी तुम्ही चुलीकडं तोंड फिरवलंत आणि म्हणालात, धूर लागला. चूल तर विझलेली होती!

सगळं पहिल्यासारखं झालं असं मी लिहिणार नाही. ह्यांची दोन बोटं अजून पुरती सरळ होत नाहीत. मल्लू शेजाऱ्यांच्या बैलाबरोबर रानात हलकं काम करायला लागला, पण डांबरी रस्त्यावर त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही, आणि आपणही ठेवायला लावला नाही. माझे वडील मला न्यायला आले तेव्हा हे बांधावर उभे राहून मल्लूशी कानडीत गप्पा मारत होते. वडिलांनी ते पाहिलं. मग मला म्हणाले, "राहा तू."

मी तुम्हाला एकदाच विचारलं होतं, हे कुठं शिकलात? शेंगा फोडता फोडता तुम्ही सांगितलंत. मामंजी गेले तेव्हा हे पाळण्यात होते. तुमच्या डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं, घशाखाली पाणी उतरत नव्हतं. लोक म्हणायचे, बाई दगड झाली. तुम्ही गोठ्यात जाऊन बसायच्या. एक म्हातारी गाय होती, ती तुमच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि रवंथ करायची. "तिचं पोट वर, खाली. वर, खाली. कवातरी माजंबी तसंच व्हायला लागलं. तिनं मला काय इचारलं न्हाय, समजावलं न्हाय. नुसती टेकून बसली. त्येच शिकली मी, नंदव्वा. दुसरं काय न्हाय."

दुसरं काय न्हाय! इतक्या साध्या गोष्टीपुढं मला माझ्या मॅट्रिकचं सर्टिफिकेट एवढंसं वाटलं.

आता एक भांडण राहिलंय आपलं. तेही मिटवते.

मल्लूची गोष्ट गावोगाव गेली आणि दुखणी घेऊन माणसंही तुमच्या दारात यायला लागली. दोन वर्षांनी, ज्वारीच्या खळ्यानंतर, तो आला. पस्तिशीचा असेल. मान लाकडासारखी ताठ. बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवायचा. नाव सांगितलं नागनाथ, राहणार अक्कलकोट. कुणीतरी गळ्याला पट्टा दिला होता, कुणी तेल चोळलं होतं, गुण नव्हता. तुम्ही नेहमीसारखी घोंगडी टाकलीत, त्याला भिंतीकडं तोंड करून बसवलंत आणि मागं बसून एक हात पाठीवर, दुसरा डोक्याच्या मागं, मानेच्या खळगीत ठेवलात. मी सुपात ज्वारी पाखडत होते. बराच वेळ गेला. मग त्याची पाठ गदगदायला लागली.

"आये," तो म्हणाला, "मी मुद्दाम हुडकत आलोय. अक्कलकोटच्या हाटेलात तुमच्या बैलाची गोष्ट आयकली, तवापास्नं चैन न्हाय. त्यो ट्रक माजा हुता."

"कंचा ट्रक?"

"वळसंगच्या अलीकडं. शेंगांची गाडी. लोकं मारतील म्हनून मी पळालो. मागं वळून बघितलं न्हाय."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

आणि मी तुमचे हात पाहिले. ते उचलले गेले. बोटभर. त्याच्या अंगापासून बोटभर वर, हवेत, तसेच थांबले. एवढ्या वर्षांत तुमचे हात असे मधेच थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला वाटलं, आता थोबाडीत माराल. आता हाकलाल. मला ते हवं होतं, अत्ती! बाहेर मल्लू वैरण चघळत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. 

मग हात खाली आले. त्याच जागी. आता तेच थरथरत होते. तुमचे हात! तुम्ही त्यांना थरथरू दिलंत.

"बघितलं न्हाईस," तुम्ही म्हणालात. "व्हय. आता बघ."

त्यानं मान वळवायला घेतली. सावकाश, कण्हत. पुरती वळली नाही, अर्धीच वळली. पण दारातून चिंचेखालचा मल्लू दिसेल एवढी वळली. तो बघत राहिला आणि रडत राहिला.

शेवटी तुम्ही हात काढून उठलात. "माजा ल्योक रानात हाय. त्याला जाऊन सांग. तितं मी येनार न्हाय."

तो गेला. दोघांत काय झालं मला आजही ठाऊक नाही. संध्याकाळी हे एकटेच परत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "पानी पाजलं त्याला." बस्स.

मी मात्र तुमच्यावर ओरडले. सून असून ओरडले. "तुमच्या पोटच्या मुलाला चारीत टाकून पळालेला माणूस! त्याच्या पाठीवरून हात फिरवता? चन्नू काय म्हणेल?"  तुम्ही म्हणालात, "माजं मन म्हनत हुतं, हात काड. हातानं आयकलं न्हाय गं."

चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या हातांनी त्या क्षणी केवढं उचललं होतं, ते मला तेव्हा दिसलंच नाही. आता दिसतं तर माफी मागायला तुम्ही नाही. आज मागते.

पण माझाही एक राग आहे, ऐकाच. गावाच्या दुखण्यावर हात ठेवलात आणि स्वतःची छाती दुखत होती ते आम्हाला सांगितलं नाहीत! "वारा धरला आसंल," म्हणे! शेवटच्या आठवड्यात तुम्हाला पडून श्वास घेता येईना, तेव्हा कुठं तुम्ही मला पाठीशी बसू दिलंत. मी भीत भीत हात ठेवला.

"जड ठिवू नगंस," तुम्ही म्हणालात. "पाखरू बसल्यागत ठिव."

मी हलका केला.

"आता बरूबर," म्हणालात आणि डोळे मिटलेत. माझ्या हाताखाली तुमची पाठ वर, खाली होत होती. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ती थांबली. मी तेव्हाही हात ठेवूनच होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझी मूठ वळू नये म्हणून माझी बोटं आपल्या हातात धरून ठेवली. बघा, तुमचा मुलगा काय शिकलाय!

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला रानात मातीत बसवलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवताना मी तुमचा पंजा उघडला आणि थक्क झाले. एवढे दिवस मला वाटायचं, तुमचे तळवे लोण्यासारखे मऊ असणार. कसले मऊ! भेगा, घट्टे, विळ्याचे वण. खडबडीत, माझ्यापेक्षा दुप्पट खडबडीत. मग ते अंगाला लागायचे कसे नाहीत? ते मला कधी कळणार आहे का?

त्या दिवशी नागनाथ आला होता. दूर बांधावर उभा होता. ह्यांनी त्याला खुणेनं बोलावलं, त्यानं तुमच्यावर ओंजळभर माती घातली, आणि माझ्यासमोर येऊन हात जोडून उभा राहिला. मी तोंड फिरवलं, अत्ती. तुमच्या समोर, तुमच्या मातीवर उभी राहून मी तोंड फिरवलं. एकवीस दिवस झाले, तेच टोचतंय. हन्नूरच्या म्हातारीला मला काही सांगता आलं नाही, त्याचं कारणही हेच असेल.

ह्यांनी त्याला पुढच्या सोमवारी बोलावलंय, विहिरीचा गाळ काढायला. ह्या वेळी मी तोंड फिरवून आत जाऊन बसणार नाही, हा माझा शब्द. घोंगडी मी टाकीन. त्याच्या पाठीवर हात ठेवीन असं म्हणत नाही. तुमच्याशी खोटं बोलून काय उपयोग, आणि परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचं माझं वयही नाही. पण गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या मी स्वतः पुढं करीन. माझं मन म्हणेल, हात काढ. तांब्या त्याच्या हातात नीट जाईपर्यंत मी काढणार नाही.

तुमची,
नंदव्वा